केळं, टरबूज आणि फेसलेली मोहरी

मे महिन्यात बहादरपुरातल्या एखाद्या घरी बागेतून आणलेली केळ्याची फणी ओसरीत ठेवली, की काही दिवसांत केळी बोटाला मऊ लागू लागतात. साल मात्र हिरवट ती हिरवटच. बाहेरगावचा पाहुणा ती कच्ची समजून हात लावत नाही. घरातली पोरं तोवर दोन-दोन संपवून मोकळी झालेली असतात. या पट्ट्यात आज लागणारी बहुतेक केळी कॅव्हेंडिश गटातली, त्यातही ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडची ‘जी-नाइन’. या गटातल्या केळ्याच्या सालीतलं हरितद्रव्य साधारण २४ अंश सेल्सियसच्या वर नीट मोडत नाही. गर मात्र उकाड्यात अधिकच घाईने पिकतो. बाजारातलं पिवळंधमक केळं वखारीत, आणि आता वातानुकूलित चेंबरमध्ये, १६ ते १८ अंशांवर इथिलीन वायू देऊन पिवळं केलेलं असतं. हा वायू केळं स्वतःही सोडतंच, त्यामुळे त्यात भेसळीचं काही नाही. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. तेव्हा उन्हाळ्यात केळ्याचा रंग पाहू नका, दाबून पाहा.

फळांचं सॅलड करायला बसलेल्या माणसाला ही माहिती लागतेच. कच्च्या केळ्यात वजनाच्या पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त पिष्ट असतं; पूर्ण पिकल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर येतं आणि त्याची साखर झालेली असते. शिकरणीला अगदी मऊ, सालीवर ठिपके पडलेलं केळं हवं, कारण तिथे ते कुस्करायचंच असतं. सॅलडला मात्र नुकतं पिकलेलं, सुरी फिरवल्यावर चकती उभी राहील असं केळं घ्यावं. पिष्ट थोडं शिल्लक असलेलं, गोडी आलेली, पण अंग सोडून न दिलेलं.

बहादरपूर हे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर शहरापासून काही किलोमीटरवरचं गाव. मराठी वाचकाला ते १६८१ च्या आरंभीच्या छाप्यामुळे ठाऊक असेल. संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपुराभोवतीचे जे पुरे लुटले, त्यांत धनवान व्यापाऱ्यांचं बहादरपूर सगळ्यात वरचं होतं. आज इथली श्रीमंती शेतात उभी आहे. तापीच्या काठची काळी जमीन, उत्तरेला सातपुडा, पलीकडे रावेर-यावलचा केळीपट्टा. राज्याची सीमा नकाशावर मध्ये आली, पण केळीला ती कळत नाही. मृगबाग, कांदेबाग हे लागवडीचे हंगाम सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच, आणि वैशाखातल्या झळांपासून बाग वाचवायला बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावायची रीतही तीच. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा केळीच्या रुंद पानाच्या वाऱ्याने फाटून झिरमिळ्या होतात. माणसाची भूकही त्याच सुमारास मरते. भाकरी नकोशी होते, टरबूज हवंसं वाटतं.

आता ‘फ्रूट सॅलड’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतं ते कस्टर्ड. लग्नाच्या पंगतीत स्टीलच्या वाटीत पिवळसर दुधात तरंगणारे सफरचंदाचे तुकडे, चार द्राक्षं, डाळिंबाचे दाणे. ही पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने काढली. बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड. मक्याचं पिष्ट, रंग आणि वास. हिवाळ्यातल्या इंग्लंडात ते शोभत असेल. आपण ते वैशाखातल्या मांडवात आणून बसवलं. गोड फळावर गोड दूध आणि त्यावर साखर, असं तिहेरी गोड खाल्ल्यावर तहान वाढते, भागत नाही. माझं कस्टर्डशी वैर नाही, पण उन्हाळ्याचं पक्वान्न म्हणून त्याला मिळालेला मान मला कधी पटला नाही.

कारण मराठी स्वयंपाकघरात फळांचं सॅलड आधीपासून होतं, आणि त्याला ड्रेसिंगही असं होतं की परदेशी पाहुण्याने दोनदा विचारावं: फेसलेली मोहरी. केळ्याचं रायतं आपण ताटाच्या डाव्या बाजूला वाढलं म्हणून ते कोशिंबिरीच्या रांगेत गेलं; पण घटक पाहा. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या, दही, मीठ, किंचित साखर आणि पाण्यात फेसलेली मोहरी. गोव्यात आणि दक्षिण कोकणात रायवळ आंब्यांचं किंवा अननसाचं सासव होतं, तिथे दह्याच्या जागी ओला नारळ आणि गूळ, तिखटपणाला पुन्हा मोहरीच. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मागोमाग सोळाव्या शतकात आली. त्याआधी जिभेला चटका द्यायला मिरी, आलं, पिंपळी आणि मोहरी एवढेच होते, आणि मोहरीचे दाणे तर हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवरही सापडले आहेत. गोड फळ आणि मोहरी ही जोडी इटलीतही आहे: क्रेमोना शहराची ‘मोस्तार्दा’ म्हणजे पाकवलेली अख्खी फळं आणि त्या पाकात मोहरीचा अर्क. तिथे ती उकडलेल्या मांसाबरोबर खातात. म्हणजे विचित्र वाटणारी ही जोडी एका घरची लहर नाही; दोन दूरच्या मुलखांत ती टिकली, कारण तिच्यात काहीतरी काम करतं.

काय काम करतं, ते पाहण्यासारखं आहे. मोहरीचा अख्खा दाणा तोंडात टाकून पाहा. पहिल्या क्षणी तो जवळजवळ बेचव. चावल्यावर थोड्या वेळाने झणका चढतो, आणि तोही जिभेपेक्षा नाकात. दाण्यात तिखट असं काही तयार नसतंच. सिनिग्रिन नावाचं संयुग एका जागी आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या पेशींत, असा निसर्गाने बंदोबस्त केलेला असतो. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की दोघं भेटतात, आणि त्या भेटीतून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारं तिखट तेल तयार होतं. मोहरीच्या रोपाने ही व्यवस्था किड्यांसाठी केली: जो चावेल त्याच्याच तोंडात दारूगोळा. आपण नेमका त्यासाठीच मोहरी चावतो.

म्हणून फोडणीतली मोहरी झोंबत नाही. तडतडत्या तेलात विकर जळून निकामी होतं. उरतो तो खमंग, दाण्यासारखा स्वाद. रायत्याला फोडणीची मोहरी चालवणारी घरं आहेत, पण ते वेगळं रायतं. फेसायची असेल तर मोहरी कच्ची हवी आणि पाणी गार हवं. गरम पाण्यातही विकर मरतं. आजच्या घाईत मिक्सरच्या छोट्या भांड्यात मोहरीची कोरडी पूड करून मग गार पाण्यात कालवली तरी चालतं, पण खलबत्त्यात दोन-तीन चमचे पाण्याबरोबर घोटत राहिलं तर फरक दिसतो. मिश्रण फिकट होत जातं, त्यावर फेस येतो आणि नाकातून पाणी. त्या फेसामागेही कारण आहे. मोहरीच्या टरफलात बुळबुळीत द्रव्य असतं, ते हवेला आणि तेलाला धरून ठेवतं. मेयोनीज फाटू नये म्हणून त्यात मोहरी घालतात ती याच गुणासाठी.

इथे एक नाजूक मुद्दा आहे, आणि बहुतेक पाककृती तो गाळतात. आंबट कधी घालायचं? मोहरी कुटताना पहिल्यापासूनच दही किंवा लिंबू घातलं तर विकराचं काम मंदावतं आणि मोहरी अर्धवट मुकी राहते. आधी नुसत्या पाण्यात फेसून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवावी, झणका पुरता चढू द्यावा, आणि मग आंबट घालावं. आता तेच आंबट उपयोगी पडतं, कारण तयार झालेलं तिखट तेल नुसत्या पाण्यात हळूहळू मोडत जातं. आंबटात ते अधिक टिकतं. सकाळी फेसून उघडी ठेवलेली मोहरी दुपारी मवाळ आणि थोडी कडवट लागते ती यामुळे.

त्या झणक्याचं ठिकाणही ठरलेलं. आपल्या नाकातोंडातल्या मज्जातंतूंवर टीआरपीए-वन नावाचा एक ग्राहक असतो, धोक्याची घंटा म्हणा. मोहरीचं तेल तोच वाजवतं. जपानी वसाबी आणि युरोपातली हॉर्सरॅडिश हीसुद्धा. मिरचीची घंटा निराळी, ती जिभेवर रेंगाळते आणि उष्णतेची जाणीव देते. मोहरीचा हल्ला नाकातून येतो आणि क्षणात ओसरतो, म्हणूनच तो फळाला मानवतो. केळ्याचा वास, टरबुजाचा ओला गंध, खरबुजाचा कस्तुरीसारखा दरवळ ही सगळी नाकाचीच कामं. झणका ओसरला की नाक जणू झाडून मोकळं झालेलं असतं आणि पुढच्या घासाला वास ठळक येतो. मिरचीने तेवढा वेळ जीभच बधिर केली असती.

‘पण मोहरी उष्ण, ती वैशाखात कशी?’ असं घरातली मोठी माणसं विचारतील. चार माणसांच्या वाडग्याला एक छोटा चमचा मोहरी आणि तीही दह्यात. दह्यातला स्निग्धांश आणि प्रथिनं तिखटाची धार बोथट करतात. त्याच मोठ्या माणसांनी दूध आणि फळ एकत्र करू नये हा आयुर्वेदाचा नियम शिकरणीपुढे कधी मनावर घेतला नव्हता, हेही हळूच आठवून द्यायला हरकत नाही.

केळ्याची दुसरी अडचण म्हणजे ते काळं पडतं. कापल्यावर पेशी फाटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने केळ्यातल्या संयुगांना तपकिरी करतं. गंमत अशी की केळ्यात या कामी येणाऱ्या संयुगांत डोपामिन मुख्य आहे, तेच जे मेंदूत आनंदाशी जोडलं जातं. केळं खाऊन ते मेंदूपर्यंत पोचत नाही. सालीवर आणि चकतीवर काळं मात्र पडतं. आंबटपणा हे विकर थोपवतो. दही त्यासाठी जेमतेम पुरतं. लिंबू बरंच बरं, कारण ते जास्त आंबट असतं आणि त्यातलं क जीवनसत्त्व तपकिरी होऊ घातलेल्या संयुगाला माघारी फिरवतं.

पण वैशाखात लिंबाचे भाव चढलेले असतात आणि कैरी अंगणात पडलेली असते. म्हणून बहादरपुरी केळ्याच्या माझ्या सॅलडसाठी मी लिंबू सोडून कैरी घेईन, आणि तीही भाजलेली, पन्ह्यासाठी भाजतो तशी. कैरीत सायट्रिक आणि मॅलिक ही आम्लं भरपूर. भाजल्याने गर मऊ होतो, त्याला धुराचा पुसटसा वास येतो आणि ड्रेसिंगला अंग मिळतं. बाबराला हिंदुस्थानातलं फारसं काही आवडलं नव्हतं. काबूलहून आलेलं खरबूज कापताना त्याला रडू कोसळलं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. पण कच्च्या आंब्याचं तोंडीलावणं उत्तम होतं हे त्यानेही मान्य केलं. आग्र्याच्या बागेत त्याने पुढे खरबुजं लावून पाहिली आणि ती चांगली आली, म्हणून खूशही झाला. आज हातगाडीवरून आणलेलं खरबूज पाहून बादशहाचे डोळे कोरडे राहिले असते, असं आपलं मला वाटतं.

तर कृती. दोन मध्यम कैऱ्या निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर साल काळी पडेपर्यंत भाजा, गार करून गर काढा. त्यातले तीन-चार मोठे चमचे पुरे. उरलेल्याचं पन्हं होतं. एक छोटा चमचा मोहरी वर सांगितल्याप्रमाणे गार पाण्यात फेसून झाकून ठेवा. साध्या दह्याने फळं पाण्यात पोहतात, म्हणून एक वाटी दही तासभर फडक्यात टांगून चक्का करा, पण श्रीखंडाइतका घट्ट नको. त्यात कैरीचा गर, दोन चमचे किसलेला गूळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि शेवटी मोहरी. चाखून पाहा: नाकाला चटका बसला पाहिजे, पण डोळ्यांत पाणी आलं तर चक्का वाढवा. गूळ बेताने; गोडी फळांतून येणारच आहे.

फळांत दोन केळी, पाव टरबूज, अर्धं खरबूज. द्राक्षांचा हंगाम सरत आलेला असतो, मिळाली तर घ्या. हापूस किंवा केसर घालायचा मोह आवरावा. त्याचा वास बाकी साऱ्यांना झाकून टाकतो, आणि इतक्या महाग आंब्याला ड्रेसिंगची गरजही नसते. टरबूज म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. त्यावर मीठ पडलं की ते पाणी बाहेर ओढलं जातं आणि वाडग्याच्या तळाशी लाल डबकं साचतं. म्हणून फळं आधी कापून ठेवली तरी मिठाचं ड्रेसिंग वाढायच्या वेळीच. पण मीठ टाळूही नका. थोडंसं मीठ फळातली कडवट छटा दाबतं आणि गोडी वर येते. टरबुजाच्या पांढऱ्या सालीजवळच्या तुकड्यावर हा फरक सगळ्यात स्पष्ट कळतो. केळ्याच्या चकत्या मात्र कापल्याबरोबर कैरीच्या गरात घोळवून घ्याव्यात.

पपई घालायची असेल तर लक्षात ठेवा, चक्क्याशी तिचं फार वेळ जमत नाही. पपईत पपेन आणि ताज्या अननसात ब्रोमेलेन ही प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ती दह्यातली प्रथिनं मोडतात आणि तासाभरात वाडगा कडू होतो. सासवात अननसाला दही न देता नारळ का दिला, याचं निदान एक उत्तर यात असावं. पिकलेल्या पपईत हा उपद्रव कच्चीपेक्षा कमी, तरी ती आयत्या वेळी घातलेली बरी. वर घालायला काजू-बदामाऐवजी सातपुड्यातली चारोळी, कोरडीच परतलेली. पुदिन्याची चार पानं हातानेच तोडून.

आता फ्रिजचं. केळं १३ अंशांखाली गेलं की साल काळवंडते आणि वासाची घडी बिघडते, म्हणून ते बाहेरच राहू दे. टरबूज आणि खरबूज कापण्याआधी गार करा, पण बर्फासारखं गार नको. जिभेवरून गोडीचा निरोप नेणारी यंत्रणा थंडीत मंद पडते. गोठवणाऱ्या फोडीपेक्षा माठातल्या पाण्याइतकी गार फोड जास्त गोड लागते. तोवर न कापलेलं टरबूज कोरड्या जागी बाहेर ठेवलेलं उलट चांगलं, त्याचा लाल रंग तिथे वाढतोही. कापल्यावर मात्र गोष्ट बदलते. टरबूज-खरबूज ही कमी आंबट फळं, जंतूंना मानवणारी. कापण्याआधी साल वाहत्या पाण्याखाली घासून धुवावी, विशेषतः खरबुजाची, कारण तिच्या जाळीत माती बसते आणि सुरीबरोबर थेट आत जाते. वैशाखाच्या दुपारी कापलेली फळं तासाभराहून जास्त उघड्यावर ठेवू नयेत. मोहरीचं तेल जंतूंना आवर घालतं, म्हणूनच ती लोणच्यात जाते, हे खरं. पण चमचाभर मोहरीवर कापलेल्या टरबुजाचा विमा काढू नये.

वाडग्यातलं सॅलड उरवू नये. ड्रेसिंग उरलं तर वेगळ्या बरणीत फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, फक्त झणका निम्म्याने उतरलेला असतो. दुसऱ्या दिवशी ते काकडीवर किंवा उकडलेल्या बटाट्यावर घालायचं असेल, तर पाव चमचा मोहरी नव्याने फेसून त्यात मिसळायची.